जुन्या गाडीत नव्यानं बसवलेला सीट बेल्ट अडकतो, सैल राहतो, पोटावर चढतो: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: बेल्ट नवाकोरा आहे, पण ओढला की अडकतो. मग तो बदलून दुसरा आणला जातो. तोही अडकतो. शेवटी कुणीतरी रीळ, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणारी डबी, उघडून आतली पोलादी गोळी काढून टाकायचा सल्ला देतं. तो मुळीच ऐकू नका. गोळी काढली की पट्टा छान मऊ चालतो, पण धडकेच्या वेळी तो वेळेवर अडकेल याचा भरवसा उरत नाही. ज्या गाडीच्या आराखड्यात पट्ट्याचा विचारच नव्हता, तिच्यात दोष पट्ट्यात क्वचितच निघतो. रीळ कुठे टांगलं, कोणत्या कोनात बसवलं आणि कसल्या पत्र्यात आवळलं, यातच तो बहुधा सापडतो. म्हणून नवा पट्टा मागवण्याआधी पुढच्या गोष्टी ओळीनं तपासा.

आधी रीळ तपासा

रीळ गाडीतून सोडवून हातात घ्या. त्यावर बाण किंवा वरची बाजू दाखवणारी खूण असते, ती वर राहील असं धरा आणि पट्टा सावकाश ओढा. सुरळीत आला तर रीळ ठीक आहे, बसवणूक चुकली आहे. आता ओढत असतानाच रीळ हळूहळू एका बाजूला कलंडवा. एका कोनाला 'टक' असा आवाज होऊन पट्टा थांबेल. पुन्हा सरळ केलं आणि पट्टा किंचित आत जाऊ दिला की सुटेल. शेवटी रीळ सरळ धरून एक जोरदार हिसका द्या, तेव्हाही ते अडकलंच पाहिजे. कलंडवून अडकत नाही किंवा हिसक्याला अडकत नाही, असं रीळ सरळ भंगारात टाका. त्याला दुरुस्ती नाही.

या 'टक'मागची यंत्रणा साधी आहे. रिळाच्या अंगाला एका वाटीत छोटी पोलादी गोळी असते. गाडी जोरात मंदावली किंवा कलली की गोळी वाटीच्या काठावर चढते, वरची पट्टी उचलते आणि ती पट्टी दातेरी चाकात अडकते. दुसरी यंत्रणा पट्टा किती वेगानं बाहेर येतोय ते पाहते, हिसका ओळखते ती हीच. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या नियमावली १६ प्रमाणे साध्या प्रवासी गाडीचं रीळ ०.४५ जी इतक्या मंदनाला (वेग घटण्याच्या दराला; १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा) अडकायला हवं. बसवण्याच्या ठरलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कललं तर ते अडकता कामा नये आणि २७ अंशांपलीकडे कललं तर अडकलंच पाहिजे. थोडक्यात, तुमच्या हातात १२ अंशांची सवलत आहे, आणि त्यातली थोडी उतारावर, वळणावर खर्च होणार आहे. रीळ मुळातच १० अंश वाकडं बसलं असेल तर घरासमोर व्यवस्थित चालणारा पट्टा चढावर गाडी लावली की अडकेल. 'कधी चालतो, कधी नाही' या तक्रारीचं उत्तर बहुधा हेच असतं.

कोन मोजायचा तो दोन्ही दिशांनी

गाडी सपाट जागी उभी करा. सपाट म्हणजे डोळ्यांना सपाट नव्हे. दाराखालच्या सिलवर लेव्हल ठेवून बघा. मागचे पाटे बसलेल्या जुन्या गाडीचा मागचा भाग एक-दोन अंश खाली गेलेला असतो, तोही हिशोबात घ्या, कारण गाडी रस्त्यावर तशीच चालणार आहे. मग रिळाच्या जागेजवळ ओळंबा सोडा आणि रिळाची चौकट त्याच्याशी ताडून पाहा: एकदा बाजूनं, म्हणजे पुढे-मागे किती कललंय ते, आणि एकदा समोरून, म्हणजे आत-बाहेर किती कललंय ते.

दुसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत. जुन्या गाड्यांचा दारामागचा खांब मागे झुकलेला असतो आणि छताकडे जाताना आतही येतो. समजा, तो मागे ९ अंश आणि आत ९ अंश आहे. दोन्ही आकडे १२ च्या आत, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण गोळीला दिशा कळत नाहीत, तिला एकूण कल कळतो. तो दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १२.७ अंश येतो. सवलत तिथेच संपली.

यावर उपाय दोन. पहिला आणि चांगला: त्या कोनासाठीच बनवलेलं रीळ घ्यायचं. खांबावर उभं, मागच्या काचेखालच्या फळीवर आडवं, चाकाच्या कमानीवर तिरकं, अशी वेगवेगळ्या जागांसाठीची रिळं मिळतात. काहींत गोळीची वाटी फिरवून ठरावीक टप्प्यांवर बसवता येते. दुसरा उपाय म्हणजे खांबावर पोलादी ब्रॅकेट वेल्ड करून रिळाला उभी, सपाट बैठक करून देणं. एका बाजूला वॉशर रचून रीळ सरळ करणं हा उपाय नाही. बोल्टचं डोकं तिरपं टेकतं, आवळताना बोल्ट वाकतो आणि ओढ आली की वॉशरची चवड घसरते.

डावं-उजवं बदललंय का, हेही इथेच बघून घ्या. तिरक्या जागेसाठीची रिळं हाताप्रमाणे वेगळी असतात. खांबाचा कल ८ अंश असेल आणि रीळ उलट बाजूचं लागलं, तर चूक ८ ची नाही, १६ अंशांची होते.

कोन बरोबर, तरी अडकतं

रीळ धरणारा बोल्ट अर्धा फेरा सैल करा आणि पट्टा ओढून बघा. लगेच मोकळा झाला, तर रिळाची चौकट पिळवटत होती. खांबाचा पत्रा गोलसर असतो, चौकट सपाट. बोल्ट आवळला की चौकट पत्र्याच्या वळणाप्रमाणे वाकते आणि आतला दांडा घासायला लागतो. बोल्ट तसाच सैल ठेवून भागवू नका. चौकटीएवढी सपाट पोलादी बैठक द्या, मग पूर्ण आवळा.

रिळाच्या चौकटीला एक छोटी जीभ किंवा खुंटी असते. तिच्यासाठी खांबात वेगळं भोक लागतं. नवीन जागी रीळ बसवताना ती आड येते म्हणून कापून टाकलेली अनेकदा दिसते. तिचं काम रीळ बोल्टभोवती फिरू न देणं हे आहे. ती गेली की पट्टा ओढताना रीळच दोन-चार अंश फिरतं आणि कोनाचा सगळा हिशोब बिघडतो.

तिसरं कारण जरा चकवणारं आहे. काही रिळांत लहान मुलांची सीट बांधण्यासाठी वेगळी सोय असते. पट्टा शेवटपर्यंत बाहेर काढला की रीळ 'कर्र कर्र' असा आवाज करत फक्त आत घेतं, बाहेर सोडत नाही. पट्टा जवळजवळ पूर्ण आत गेल्याशिवाय ही स्थिती सुटत नाही. अरुंद जुन्या गाडीत लांब पट्टा लावला, किंवा सीटच्या कडेला तो अडून राहिला, की तो पूर्ण आत जातच नाही आणि रीळ कायम त्याच स्थितीत राहतं. आवाज ऐकून खात्री करा आणि योग्य लांबीचा पट्टा घ्या. जास्तीचा पट्टा कापून घरच्या मशीनवर शिवणं हा पर्याय नाहीच. मूळ शिवणीचा धागा, टाक्यांची संख्या आणि नक्षी हे सगळं ओढीच्या चाचणीतून ठरलेलं असतं.

पट्टा अडकत नाही पण आत जायला आळस करतो, तेव्हा खांद्याजवळच्या, पट्टा जिच्यातून वळतो त्या वरच्या कडीकडे बघा. तिच्यावर घामाचा, धुळीचा मेणचट थर साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं कडीतून मागे-पुढे फिरवा, काळं निघेल. पट्टा मळका असेल तर पूर्ण बाहेर काढून चिमट्यानं अडकवा, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पुसा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच आणि रंग अजिबात नको. मूळ रंगसंगतीसाठी पट्टा रंगवायचा मोह जुन्या गाड्यांच्या शौकिनांना फार होतो. त्यापेक्षा हव्या त्या रंगाचाच नवा पट्टा मागवा. रिळात तेल, ग्रीस किंवा सिलिकॉनचा फवाराही मारू नका. तेलावर धूळ बसते आणि नेमकी गोळीच चिकटून बसते.

अंगावर नीट बसत नाही

इथे दोष जागांचा असतो आणि धोकाही जास्त. अडकणारा पट्टा त्रास देतो म्हणून लक्षात तरी येतो. चुकीच्या जागी अडकवलेला पट्टा रोज निमूट साथ देतो.

वरचा अँकर (पट्टा गाडीच्या अंगाला बोल्टनं पक्का करायची जागा) खांद्याच्या पातळीत किंवा थोडा वर असावा, म्हणजे पट्टा खांद्यावरून मागे आडवा किंवा किंचित चढत जाईल. खांब नाही म्हणून सीटच्या पाठीवरून पट्टा खाली घेऊन मागच्या जमिनीत बोल्ट मारलेल्या गाड्या दिसतात. धडकेत शरीर पुढे जाऊ पाहतं, पट्टा ताणतो आणि खांद्याला मागे ओढण्याबरोबर खालीही दाबतो. तो दाब थेट कण्यावर येतो. जुन्या सीटची पाठ तर असा दाब घेण्यासाठी बनलेलीच नसते, ती आधी मोडते.

कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या खाली, नितंबाच्या हाडांवर बसला पाहिजे. बाजूनं पाहिलं तर अँकरपासून कमरेच्या हाडापर्यंतची रेघ आडव्या पातळीशी ४५ ते ६५ अंश करेल अशी जागा निवडा. अमेरिकी मानक २० ते ७५ अंशांची मुभा देतं, पण २० च्या आसपासचा सपाट पट्टा पोटावर चढतो आणि माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो. मोजायला सोपं आहे: सरासरी उंचीच्या माणसाला सीटवर बसवा, अँकरच्या नियोजित जागेपासून त्याच्या कमरेच्या हाडापर्यंत दोरी ताणा आणि दोरीला कोनमापक लावा. सीट रुळावर पुढे-मागे सरकत असेल तर दोन्ही टोकांना मोजा. ठेंगणा चालक सीट पुढे ओढतो तेव्हा कोन सपाट होत जातो, आणि पट्टा पोटावर चढल्याची तक्रार नेमकी त्याच्याकडूनच येते.

बकलचा दांडा लांब असेल तर कमरेचा आणि खांद्याचा पट्टा जिथे मिळतात ती जागा पोटावर येते. बकल मांडीच्या बाजूला, कुशनच्या जेमतेम वर असावं. ते कुशनच्या काठावरून वाकून आत येत असेल तर धडकेत दांडा काठावर मोडतो. दांडे वेगवेगळ्या लांबीत मिळतात, तेव्हा मापून मागवा.

कुशनही तपासा. पन्नास-साठ वर्षांच्या स्प्रिंगा आणि काथ्याची भरती हातानं दाबली तर टणक वाटते, भार आला की खचते. कुशन खचलं की माणूस खाली जातो आणि पट्टा वर राहतो. पुढच्या कडेला घट्ट फोम भरून घ्या, आणि वर जादा उशी टाकून बसू नका. दोन दारांच्या गाडीत पुढच्या सीटची पाठ नुसती दुमडणारी असेल, तिला खटकाच नसेल, तर पट्टा बसवण्याआधी खटका बसवा. नाहीतर धडकेत सीटची पाठ मागून माणसावर येते आणि पट्ट्याला दोघांचा भार घ्यावा लागतो.

फक्त कमरेचा पट्टा लावायचा का? कमर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या तीन बिंदूंच्या पट्ट्याची सोयच होत नसेल तर हो, गाडीतून बाहेर फेकलं जाणं तरी टळतं. पण डोकं स्टिअरिंगवर जाणारच, आणि या गाड्यांच्या स्टिअरिंगचा दांडा बहुधा आखडणारा नसतो. फक्त खांद्यावरून तिरपा जाणारा दोन बिंदूंचा पट्टा मात्र कुणीही लावू नये. त्यात माणूस खालून निसटतो आणि पट्टा गळ्याशी येतो. व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंचा पट्टा आणला, त्याचं मर्म हेच होतं: कमर आणि छाती दोन्ही धरायची, आणि तीही एका बकलमध्ये.

पत्रा: खरी परीक्षा इथे आहे

थोडं गणित करू. ७५ किलोचा माणूस, ताशी ५० किमी वेग. गाडीचा दबणारा भाग आणि पट्ट्याचा ताण मिळून शरीर ६० सेंमी अंतरात थांबलं असं धरा. सरासरी मंदन १६ जी येतं आणि पट्ट्यांना मिळून सुमारे १२,००० न्यूटन, म्हणजे बाराशे किलोहून जास्त वजनाएवढा भार घ्यावा लागतो. ही सरासरी झाली, क्षणिक भार याहून जास्त असतो. म्हणूनच अमेरिकी मानकात तीन बिंदूंच्या पट्ट्याचे अँकर तपासताना कमरेच्या भागाला १३,३४५ आणि खांद्याच्या भागाला १३,३४५ न्यूटन असा एकाच वेळी ओढा देतात. नुसत्या कमरेच्या पट्ट्याला २२,२४१ न्यूटन.

आता बोल्ट बघा. सीट बेल्टचा प्रचलित बोल्ट ७/१६ इंच, इंचाला २० आटे, म्हणजे यूएनएफ या बारीक आट्यांच्या मापाचा. ग्रेड ८ या उच्च ताकदीच्या प्रतीचा असेल तर तो तुटायला सुमारे ७९,००० न्यूटन लागतात. तेव्हा बोल्टची चिंता सोडा. निकामी होतो तो ०.९ मिमीचा जमिनीचा पत्रा. २५ मिमीचा साधा वॉशर लावला तर फाटण्यासाठी पत्र्याची साडेसात सेंमीपेक्षा किंचित जास्त कड उपलब्ध असते, ६५ × ६५ मिमीची प्लेट लावली तर २६ सेंमी. तिपटीहून जास्त. शिवाय साधा वॉशर फाटण्याआधीच वाटीसारखा वाकतो आणि भोकातून निसटतो. जागतिक मोटरस्पोर्ट संघटना एफआयए शर्यतीच्या हार्नेससाठी (अनेक पट्ट्यांच्या बेल्टसाठी) किमान ४० चौरस सेंमी आणि ३ मिमी जाडीची पोलादी प्लेट मागते. रस्त्यावरच्या गाडीलाही हाच आकडा धरावा, त्याहून कमीत भागवू नये.

भोक पाडण्याआधी मूळ अँकर शोधा. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या प्रवासी गाड्यांत पट्टे सक्तीचे झाले, त्यामुळे त्या सुमाराच्या बऱ्याच मॉडेलांत कारखान्यानंच अँकरचे नट वेल्ड करून ठेवलेले असतात. ते आतल्या कापडाखाली, गालिच्याखाली किंवा रबरी बुचामागे लपलेले सापडतात. सापडले तर आधी आटे साफ करून घ्या, आणि हा सापळा ध्यानात ठेवा: ७/१६ चा बोल्ट ११.१ मिमीचा असतो आणि आट्यांचं अंतर १.२७ मिमी. एम१२ × १.२५ च्या, म्हणजे १२ मिमी व्यासाच्या आणि १.२५ मिमी आट्यांच्या मेट्रिक नटात तो फिरत फिरत आत जातो, हाताला घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची नुसती टोकं एकमेकांना टेकलेली असतात, ओढ आली की सगळी सोलून निघतात. बोल्ट नटात हलवून बघा. डुगडुगला तर जोडी चुकली आहे.

मूळ अँकर नसेल तर कामाचा क्रम असा:

१. सीट, गालिचा, खालचं नमदं काढा. बॅटरीची तार सोडा. गाडीखाली जाऊन ब्रेकचे पाइप, पेट्रोलचा पाइप, हँडब्रेकची केबल, वायरिंग कुठून जातात ते खडूनं आखून घ्या. मागच्या सीटचा अँकर पेट्रोलच्या टाकीवर येत असेल तर टाकी काढून दूर ठेवा. नुसती रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते.

२. पत्र्याचा जीव तपासा. खालचा डांबरी लेप जागेभोवती हातभर खरवडा, हातोडीच्या मागच्या बाजूनं ठोकून बघा. टणत्कार आला पाहिजे, 'थप' आवाज आला तर गंज. आरीनं टोचूनही पाहा. कुजलेल्या पत्र्यावर प्लेट लावणं म्हणजे ओल्या पुठ्ठ्याला टाचणी लावणं. आधी पत्रा कापून नवा वेल्ड करा.

३. मोकळ्या सपाट पत्र्याच्या मध्यभागी अँकर घेऊ नका. तो डबडबतो. मधल्या टनेलच्या (जमिनीच्या मधोमध लांब गेलेल्या उंचवट्याच्या) किंवा सिलच्या कोपऱ्याजवळ घ्या, जिथे पत्रा वळल्यामुळे ताठ असतो. पत्र्यावर उठावाच्या पट्ट्या असतील तर प्लेटला तसाच आकार द्या, नाहीतर ती दोन उंचवट्यांवरच टेकते.

४. वरून ३ मिमीचं भोक पाडा आणि खाली जाऊन ते कुठे निघालं ते बघा. मग ६ मिमी, शेवटी स्टेप ड्रिलनं ११.५ मिमी. कडा घासा, जस्ताचा प्रायमर लावा, प्लेट आणि पत्र्यामध्ये सीलर भरा.

५. प्लेट ओढीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे जमिनीच्या अँकरसाठी गाडीच्या खालून. कोपरे गोल करा आणि कडा पत्र्यापासून किंचित दूर वळवा. तीक्ष्ण कोपऱ्याची प्लेट धडकेत पत्रा कापत वर येते.

६. बोल्ट नटात किमान ११ मिमी, म्हणजे नऊ आटे गेला पाहिजे. किटसोबतच्या कागदावर टॉर्क दिला असेल तोच द्या. साधारणपणे तो ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा.

आवळल्यावर पट्ट्याच्या टोकाची पोलादी पट्टी हातानं फिरली पाहिजे. त्यासाठीच बोल्टला खांदा असतो किंवा सोबत बुश आणि लहरी वॉशर येतो. ती पट्टी जाम आवळली गेली तर ओढ तिरपी येते, पट्टा एका कडेला गोळा होतो आणि त्या कडेनं फाटायला सुरुवात होते. खांद्याचा भाग पत्र्याला टेकण्याआधीच आटे संपले तर पट्टी डगडगेल. तेव्हा लांब बोल्ट घ्या, जादा वॉशर नको.

चॅसिसच्या पोकळ पेटीतून बोल्ट आरपार न्यायचा असेल तर आत पोलादी नळी बसवून तिच्यातून न्या, नाहीतर आवळताना पेटीच चेपते. खांबासारख्या बंद जागेत मागून हात जात नाही, म्हणून तिथे रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखा बाहेरूनच पत्र्यात बसवायचा नट, मारण्याची पद्धत पडली आहे. रिव्हनट खोके अडकवायला ठीक, माणूस अडकवायला नाही. खांबात खिडकी कापून, नट वेल्ड केलेली ३ मिमीची प्लेट आतून जोडून, पत्रा पुन्हा बंद करणं हाच मार्ग, आणि ते काम चांगल्या वेल्डरचंच. वेल्डिंगच्या वेळी गाडीत एकही पट्टा ठेवू नका. ठिणगीचा बारीकसा डागही पट्टा बाद करायला पुरेसा असतो.

चकाकीसाठी बोल्टना क्रोम करून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मुलामा देताना उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. तो बाहेरून सुंदर दिसतो आणि एखाद्या दिवशी डोकं उडतं. काळे किंवा जस्ताचे तयार बोल्ट वापरा, वर प्लास्टिकचं झाकण बसवा.

खांबच नसलेल्या गाड्या

उघड्या टपाच्या आणि मधला खांब नसलेल्या गाड्यांत वरच्या अँकरचा प्रश्न खरोखर अवघड आहे. छताची कडा पातळ असते, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मागच्या चाकाच्या कमानीचा वरचा भाग बऱ्याचदा ताठ असतो, पण उंचीला कमी पडतो. मजबूत रोल बार (सीटमागची कमानीसारखी पोलादी नळी) बसवून त्याच्या आडव्या नळीला अँकर देणं हा विश्वासाचा उपाय, फक्त बारचे पाय स्वतःच प्लेटांवर उभे हवेत.

पट्टा जडवलेलीच आधुनिक सीट टाकायची कल्पना आकर्षक वाटते. गणित बघा: खांद्याचा १३,००० न्यूटनचा ओढा जमिनीपासून ६० सेंमी उंचीवर, सीटच्या पुढच्या-मागच्या बोल्टांत अंतर ३५ सेंमी. सीट पुढे उलटू पाहते आणि मागच्या दोन बोल्टांवर मिळून २२,००० न्यूटनची उभी ओढ येते. जुन्या जमिनीत सीटचे बोल्ट फक्त सीट सरकू नये म्हणून असतात. जमिनीखाली दोन्ही सिलना जोडणारी आडवी पोलादी पेटी टाकायची तयारी नसेल तर हा बेत सोडा.

लाकडी सांगाड्याच्या गाडीत लाकडात बोल्ट नको. पोलादी ब्रॅकेट करून भार चॅसिसपर्यंत न्या. फायबरच्या बॉडीतही तेच. फायबर आधी चिरतं, मग सुटतं.

दुसऱ्या गाडीचे पट्टे

अपघात झालेल्या गाडीचा पट्टा वापरू नका, कितीही नवा दिसो. वरच्या कडीवर वितळल्यासारखे ओरखडे, पट्ट्यावर चमकदार किंवा लहरी भाग, टोकाच्या शिवणीत सुटलेले टाके, यातलं काहीही दिसलं तर त्या पट्ट्यानं एकदा भार घेतला आहे.

आधुनिक गाडीच्या रिळात बारुदी प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी छोट्या स्फोटानं पट्टा आवळणारा भाग, असतो. तो उघडायचा, ठोकायचा किंवा त्याच्याजवळ वेल्डिंग करायचा प्रश्नच नाही. तो नुसता न जोडता ठेवला तरी एक अडचण उरते, जी सहसा कुणी लक्षात घेत नाही: या रिळांत भार मर्यादित ठेवणारी सोय असते. ठरावीक ओढ झाली की रीळ मुद्दाम थोडा पट्टा सोडतं, कारण पुढे एअरबॅग डोकं झेलेल असं गृहीत धरलेलं असतं. तुमच्या गाडीत पुढे एअरबॅग नाही, स्टिअरिंग आहे. तेव्हा मान्यतेची ई-खूण आणि उत्पादनाची तारीख असलेलं, जुन्या गाड्यांसाठीच बनवलेलं साधं रीळ घ्या. पट्टा कडेला विरलेला, उन्हानं ताठरलेला किंवा बुरशीचे डाग पडलेला असेल तर तो बदला. धुवून ताकद परत येत नाही.

शेवटची तपासणी

सगळं बसल्यावर गाडी सपाट जागी ठेवून पट्टा दहा वेळा सावकाश ओढा, एकदाही अडकता कामा नये. मग दहा वेळा हिसका द्या, दहाही वेळा अडकला पाहिजे. मोकळ्या, निर्मनुष्य जागेत ताशी १५–२० किमी वेगानं जाताना पट्टा बांधलेल्या सोबत्याला थोडं पुढे झुकायला सांगा आणि ब्रेक दाबा. पट्टा धरला पाहिजे, आणि सोबत्याचे हात डॅशबोर्डच्या आधाराला तयार हवेत. डावी-उजवी दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा, सीट पुढे ओढून आणि मागे सारून, दोन्ही स्थितींत.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर आणि पुढे दर सर्व्हिसिंगला ती बघायची. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. तो नुसता पुन्हा आवळू नका. काढून आटे, बुश आणि खालच्या प्लेटभोवतीचा पत्रा पाहा, कारण पत्रा दबल्याशिवाय किंवा सीलर जाड राहिल्याशिवाय तो सहसा सैल होत नाही. पावसाळ्यानंतर गाडीखाली जाऊन प्लेटच्या कडेनं गंजाची तपकिरी धार उतरलीय का तेही बघा. उतरली असेल तर प्लेट काढून पत्रा कोरडा करा, प्रायमर आणि सीलर नव्यानं लावा, आणि मगच बोल्ट परत बसवा.